टाकीत भोंगा वाजलाच नाही, तेव्हा

गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत टाक्या साफ करून घ्यायचं काम माझ्याकडे आहे. आत उतरणाऱ्याच्या अंगावर आम्ही 'पास' अलार्म लावतो, अग्निशमन दलाचे जवान श्वसनयंत्रासोबत वापरतात तोच. माणूस 20 सेकंदांच्या आसपास निश्चल राहिला की तो आधी हळू इशारा देतो आणि 30 सेकंदांना कानठळ्या बसवतो. बटण दाबूनही वाजवता येतो.

पावसाळ्यात एका रिकाम्या, तपासलेल्या टाकीत चाचणी घेतली. सहकाऱ्याला म्हटलं, "दादा, आडवा पड, अजिबात हलू नको." मिनिट गेलं, चकार आवाज नाही. माझ्या पोटात गोळाच आला. भोंगा बाहेर आणून टेबलावर ठेवला, तर अर्ध्या मिनिटात वाजला!

मग पट्टा नीट पाहिला. टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरची नळी त्याच कमरपट्ट्याला बांधलेली, आणि तिची थरथर भोंग्याला माणसाची हालचाल वाटत होती. नळी पट्ट्यापासून सोडवली. भोंगा खांद्याच्या पट्ट्यावर वर घट्ट बसवला, कारण पालथं पडल्यावर कमरेचा भोंगा अंगाखाली दबतो. दमट खाऱ्या हवेने बॅटरीच्या टोकांवर हिरवट थर आला होता, तोही पुसला. बॅटरीचं झाकण मात्र ऑफिसातच उघडायचं, टाकीजवळ कधीच नाही.

दुसऱ्या चाचणीत इशारा वेळेवर आला. टाकीच्या तोंडाशी माणूस आजही उभा असतोच, आणि भोंगा वाजला तरी श्वसनयंत्राशिवाय आत उडी मारायची नाही, हे मी त्याच्याकडून रोज म्हणवून घेतो.