मित्राचं चित्र काढताना मागचा घाटही येऊ द्या

मित्राला समोर बसवून पोर्ट्रेट काढणार असाल, तर कोरी भिंत मागे घेऊ नका. नाशिकला गोदाघाटावर बसवा, आणि मागे दुतोंड्या मारुतीची मूर्ती येऊ द्या. पुराचं पाणी मारुतीच्या कुठवर चढलं यावरून इथे पुराचा अंदाज बांधतात. त्यामुळे पाणी जिथे असेल तिथेच दाखवा. पंधरा वर्षांनी त्या एका रेषेवरून श्रावण होता की चैत्र, ते कळेल.

चेहरा हुबेहूब आला नाही तरी चालेल. पण चष्म्याची ढिली दांडी, शर्टाच्या खिशातला मोबाईल, हातातला कटिंगचा ग्लास सोडू नका. माझ्या एका चित्रात मित्राचा मास्क हनुवटीखाली ओढलेला आहे. साल वेगळं लिहायची गरजच पडली नाही!

तरी लिहाच. कागदामागे तारीख, वेळ, जागा आणि गप्पांचा विषय, तोही पेन्सिलीने; पेनची शाई दमट हवेत पुढे फुटू शकते. कागद जाड, ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम), आकार ए-४ पुरे. मित्र पाऊण तासाच्या वर हलल्याशिवाय बसत नाही, म्हणून आधी डोळे आणि हात उरकून घ्या. घाट काय, कुठे जात नाही. गालांसाठी अ‍ॅलिझरिन क्रिमझन हा लाल रंग टाळा, उजेडात तो उडतो. क्विनॅक्रिडोन रोझ हा गुलाबी रंग जास्त टिकतो.

घरी जाऊन नाक सुधारू नका. पावसाळ्यात चित्र प्लास्टिकच्या पिशवीतही कोंडू नका, बुरशी धरते.