लोगो आधी १६ पिक्सेलमध्ये पाहा
मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा लोगो मोठ्या आकारात कितीही देखणा असला, तरी ब्राउझरच्या टॅबवर त्याचा नुसता डाग होतो, आणि नवख्या वापरकर्त्याची पहिली ओळख बहुधा अशाच इवल्या आकारात होते.

१. इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लोगोची एसव्हीजी फाइल (कितीही लहान-मोठी केली तरी स्पष्ट राहणारे रेषाचित्र) उघडून ‘आयकॉन प्रीव्ह्यू’मध्ये लोगो १६ व ३२ पिक्सेलला पाहावा.
२. जे ओळखू येत नाही ते निर्दयपणे काढावे. नावाची अक्षरे तर पहिलीच जातात.
३. उरलेली आकृती एकाच रंगात, फिक्या आणि गडद पार्श्वभूमीवर तपासावी. डेबियन या मुक्तस्रोत कार्यप्रणालीचा लोगो, म्हणजे तांबडा भोवरा, या कसोटीला सहज उतरतो.

मात्र कोडचा परवाना लोगोलाही लागू होतो असे गृहीत न धरता लोगोच्या अटी वेगळ्या लिहून ठेवाव्यात. फायरफॉक्सच्या नाव-लोगोच्या अटींवरून मतभेद झाल्याने डेबियनने २००६ मध्ये तो ब्राउझर ‘आइसवीझल’ या नावाने देण्याचे ठरवले होते.