पत्र्याच्या घरातली उष्णता कमी कशी करायची

एप्रिल आला की सांगलीत पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याच्या घरात दुपारी बारा ते पाच बसवत नाही. आमचं घर पत्र्याचंच, घरात आई वय झालेली, त्यामुळं तीन उन्हाळे मी याच्याच मागं लागलोय, जे उपयोगी पडलं ते सांगतो.

आधी एक करून बघा. सकाळी उठल्यावर मांडणीतल्या स्टीलच्या ताटाला हात लावा, मग लाकडी पोळपाटाला लावा. ताट गार लागतं, पोळपाट तेवढं नाही, पण दोन्ही रात्रभर एकाच खोलीत होती म्हणजे तापमान सारखंच की. स्टील हाताची उष्णता झटकन ओढून घेतं, लाकूड हळू घेतं, एवढाच फरक. लोखंडातनं उष्णता थर्माकोलपेक्षा हजारपटीहून जास्त सहज जाते आणि पत्रा तर जेमतेम अर्धा मिलिमीटर, त्यामुळं वर ऊन पडलं की खालची बाजूपण लगेच तेवढीच तापते. मग तो पत्रा निखाऱ्यासारखी झळ खाली टाकत राहतो, आणि ही झळ पंख्यानं थांबत नाही कारण ती हवेतनं वाहत येत नाही, सरळ अंगावर पडते. पंखा उलट छताजवळची गरम हवा खाली ढकलतो.

म्हणून पहिलं काम पत्र्याच्या वर. चुना द्या. गंजलेला पत्रा ऊन पिऊन घेतो, पांढरा चुना त्यातलं बहुतेक परत फेकतो आणि जी काय उष्णता आत घेतो तीपण आभाळाकडं सोडत राहतो. चुनकळी लोखंडी डब्यात थोडी थोडी टाकून रात्रभर भिजवायची, प्लास्टिकची बादली नको, चुना विरघळताना पाणी उकळायला लागतं, आणि डोळे सांभाळायचे, चष्मा लावाच. दुसऱ्या दिवशी गाळून, थोडा फेविकॉल घालून दोन हात मारायचे. पत्र्यावर चढताना नट-बोल्टच्या ओळीवरच पाय ठेवा, खाली तिथंच आधार असतो. सिमेंटच्या पत्र्यावर तर चढूच नका, तो फुटतो. पावसात चुना धुऊन जातो, दरवर्षी द्यावा लागतो.

तासगावकडं बेदाण्याच्या शेडला असतं तसलं शेडनेट मिळालं तर पत्र्यापासून फूटभर वर ताणून बांधा. पत्र्याला चिकटवून टाकू नका, नेट तापलं की उष्णता पत्र्यात उतरते, मधनं वारं खेळलं पाहिजे.

आतनं सिलिंग करायचं असेल तर थर्माकोल चांगला कारण त्यात हवाच कोंडलेली असते, पण तो भुरकन पेटतो, स्वयंपाकघरात अजिबात नको. चकचकीत फॉइल लावणार असाल तर एका बाजूला मोकळी जागा सोडा, दोन थरांत चेपून बसवली तर पैसे वाया. उसाचं पाचट पसरतात काहीजण, गार राहतं खरं, पण ठिणगीचं भ्या आहे, मी नाही सुचवणार.

ओलं गोणपाट पत्र्यावर टाकलं की फार फरक पडतो. एक लिटर पाणी उकळीला आणायला जितकी उष्णता लागते त्याच्या साधारण सातपट तेच पाणी वाफ होऊन उडताना घेऊन जातं. पण जत-आटपाडीकडं माणसांना प्यायला पाणी पुरत नाही तिथं हे सांगायला जीभ रेटत नाही, आणि पत्रा गंजतो ते वेगळंच.

गरम हवा वर चढते, म्हणून आढ्याजवळ झरोका ठेवा. आमच्या आधीच्या लोकांनी धूळ येते म्हणून पन्हळीची सगळी भोकं सिमेंटनं बुजवली होती, ती मी वरच्या अंगाची फोडून जाळी लावली, त्याच दिवशी संध्याकाळी आई म्हणाली की आज कोंदट वाटत नाही.

पश्चिमेची विटांची भिंत दुपारभर तापते आणि रात्री नऊ-दहापर्यंत घरात ओकत राहते, म्हणून तिला बाहेरनं सावली पाहिजे, आतनं पडदा लावून भागत नाही. दोडक्याचा वेल चढवा नाहीतर दोन बांबू रोवून गोणपाट लटकवा. चुन्याचं मात्र शिमग्याच्या आसपास उरकून घ्या, मे महिन्यात पत्र्यावर पाय ठेववत नाही.