विमानातून पॉरपॉइज मोजताय? या चुका टाळा

नॉर्थ सीवर, म्हणजे ब्रिटनच्या पूर्वेच्या समुद्रावर, पॉरपॉइजच्या (डॉल्फिनसारखा छोटा सस्तन प्राणी) सर्वेक्षणाला आलेल्या नव्या पोरांचा विमानातून उतरल्या उतरल्या एकच प्रश्न: "आज किती दिसले?" जणू मासळीबाजारातून आलोय.

मला सगळ्यात छळते ती कोन सांगायची घाई. आपण 600 फुटांवरून, 90 नॉटच्या वेगाने जातो. प्राणी बरोबर काटकोनात, खिडकीसमोर आला की क्लिनोमीटरने (कोन मोजायचं हातातलं यंत्र) क्षितिजापासून खालचा कोन वाचायचा. त्यावरून उड्डाणरेषेपासूनचं अंतर निघतं: 45 अंशांना 183 मीटर, 30 अंशांना 317. एका जुलैत आमच्यातला एक हुशार मुलगा प्राणी पुढे लांब दिसला रे दिसला की कोन सांगून मोकळा व्हायचा. लांबचा कोन लहानच येणार. रेषेलगतचे पॉरपॉइज त्याच्या नोंदीत थेट तीनशे मीटरवर जाऊन बसले! संध्याकाळी कोणत्या अंतरावर किती दिसले याचा आलेख काढला, तर रेषेलगत, जिथे सर्वांत उंच खांब हवा, तिथेच खड्डा. "सॉफ्टवेअर घेईल ना सांभाळून?" म्हणे. नाही घेत. त्याच्या बाजूचे तीन दिवस बाद केले.

मी दिसल्यावर फक्त "पॉरपॉइज" म्हणते, नजर हलवत नाही. खिडकीच्या चौकटीवर चिकटपट्टी लावलेली असते. तिच्या रेषेत तो आला की मग कोन. आणि 23 असेल तर 23च सांगा. 20 म्हणालात की अंतर सत्तरएक मीटरने फुगलं.

समुद्रावर लाटांचे पांढरे तुरे सगळीकडे दिसायला लागले की परत फिरा, विमानाचं भाडं गेलं तरी. ब्यूफोर्ट (वारा आणि समुद्राच्या खवळण्याची मोजपट्टी) 2 पर्यंत मी खुशीत, 3 ला कुरकुरत. पाण्यावरची उन्हाची चकाकी डाव्या-उजव्या बाजूची वेगळी लिहा. आई आणि पिल्लू म्हणजे दोन.

वळून तोच पट्टा पुन्हा उडायचा म्हटलं की नवखे कंटाळतात. पण पाण्याखाली असलेले आणि आपल्या नजरेतून निसटलेले किती, याचा अंदाज त्या दुसऱ्या फेरीतूनच येतो. ती गाळून आलेल्या आकड्याला मी हात लावत नाही.

आणि नॉर्थ सीतल्या पॉरपॉइजच्या संख्येचा अंदाज 2005 मध्ये साधारण 3.55 लाख, 2016 मध्ये 3.45 लाख, लगेच "दहा हजार घटले" लिहू नका. दोन्ही अंदाजांची प्रमाणित त्रुटीच (आकडा किती इकडेतिकडे असू शकतो त्याचं माप) वीस टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे साठ-सत्तर हजार.