डच आणि पोलिश बायबलमधल्या स्थळनावांचं मूळ कसं शोधायचं

एका नावासाठी चार रकाने पाडा: हिब्रू, ग्रीक, लॅटिन आणि शेवटी डच किंवा पोलिश. शेवटच्या रकान्यात आवृत्तीचं साल लिहायलाच हवं, कारण नंतरच्या छपाईत जुन्या बायबलांचं स्पेलिंगही बदललेलं असतं. 1637 च्या 'स्टाटेनफर्टालिंग' या डच बायबलसाठी मूळ छापील पानांचीच छायाचित्रं पाहा.

आधी 'श' तपासा. ग्रीक आणि लॅटिनमध्ये हा उच्चार नाही, त्यामुळे त्या वाटेने आलेल्या नावात 'स' उरतो. 'शिलो' या गावाचं हिब्रू नाव डचमध्ये 'सिलो' झालं. 1632 च्या पोलिश ग्दान्स्क बायबलमध्येही 'स'च आहे, 1965 च्या सहस्रक बायबलमध्ये मात्र 'शिलो'. म्हणजे भाषांतर हिब्रूवरून केलं तरी नावं जुन्या वळणाची राहू शकतात. इथेच बरेच जण फसतात.

उलट फसगतही होते. पोलिश 'दमाशेक'मध्ये (म्हणजे दमास्कस) 'श' दिसतो, पण हिब्रू 'दम्मेसेक'मध्ये तो नाही. लॅटिन नावातल्या 'स'चा पोलिशमध्ये कधी कधी 'श' होतो. 'तोमाश', 'लुकाश' ही माणसांची नावं तशीच. हिब्रू रकाना न भरता निष्कर्ष काढू नका.

सगळ्यात बोलकं नाव कफर्णहूमचं. हिब्रूत 'कफर नहूम', म्हणजे नहूमचं गाव. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत आणि लॅटिनमध्ये 'फ' आहे, तर 16व्या शतकात छापलेल्या ग्रीक नव्या करारात 'प'. त्यामुळे स्टाटेनफर्टालिंग आणि ग्दान्स्क या दोन्ही प्रोटेस्टंट बायबलांत 'प' आला. लॅटिनवरून केलेल्या याकुब वुयेकच्या 1599 च्या कॅथलिक बायबलमध्ये 'फ'. एका अक्षरावरून अनुवादकापुढचा मजकूर कळतो.

यरुशलेमची (जेरुसलेमची) ग्रीकमध्येच दोन रूपं होती. डच 'येरुझालेम' एकावरून आलं, पोलिश 'येरोझोलिमा' दुसऱ्यावरून, म्हणजे 'हिएरोसोलिमा'वरून. शेवटचा 'आ' तिथलाच, म्हणून पोलिशमध्ये हे नाव स्त्रीलिंगी.

काही फरक निव्वळ लेखनाचे असतात, ते नावाच्या मुळाशी जोडू नका. डच 'कानाआन'मधल्या (Kanaän) तिसऱ्या 'ए' अक्षरावरचे दोन ठिपके फक्त स्वर वेगळा वाचायला सांगतात. 2004 च्या डच भाषांतरात बेथलेहेमच्या 'टी'पुढचा 'एच' गळाला, तोही स्पेलिंगपुरता. पोलिशमध्ये 'एस'पुढे 'आय' आला की उच्चार मऊ 'श'सारखा होतो, म्हणून सियोन आणि सिनाय या पर्वतांची नावं 'आय'ऐवजी 'वाय' घालून लिहितात.

नकाशावरच्या नावांना हे रकाने पुरत नाहीत. वॉर्सातला 'आलेये येरोझोलिम्स्के' हा रस्ता 1774 मध्ये वसवलेल्या 'नवं जेरुसलेम' या ज्यू वस्तीवरून ओळखला जातो. तिथे बायबल बाजूला ठेवून शहराचे जुने दस्तऐवज काढावे लागतात.