एक संत्रं, दहा मिनिटं: अनित्यतेचं ध्यान कसं करावं

ध्यानाला बसायचं म्हटलं की आपण आधी आसन, उदबत्ती आणि शांत खोली शोधतो. या ध्यानासाठी फक्त एक संत्रं आणा. नागपुरात ते वर्षातून दोनदा हाताशी येतं: आंबिया बहराचं ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहराचं फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. मधल्या महिन्यांत मोगऱ्याचं फूल घ्या, नाहीतर कपभर गरम चहा. थोड्या वेळात संपणारं काहीही चालेल.

अनित्यतेवर ध्यान म्हणजे मरणाचा विचार करत बसणं, असं मलाही वाटायचं. म्हणून मी सुरुवातच मृत्यूपासून केली. चार दिवस छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं आणि मी ते सोडून दिलं. माझा क्रम चुकला होता, हे बऱ्याच उशिरा कळलं. आधी लहानशी वस्तू, मग आपलं शरीर, मग भोवतालचं जग आणि सगळ्यात शेवटी माणसं. हा क्रम मोडू नका.

बुद्धांच्या शिकवणीत यासाठी ‘अनिच्च’ हा शब्द आहे. ज्या शहरात 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली, तिथे तो परका नाही. पण कुणी गेल्यावर म्हटल्या जाणाऱ्या गाथेत तो कानावर पडतो, म्हणून तो मरणाचाच शब्द वाटतो. सतिपट्ठानाच्या, म्हणजे सजग राहण्याच्या उपदेशात मात्र श्वास, अंगावरच्या संवेदना, मनात येणारा राग किंवा आनंद, या सगळ्याकडे असंच बघायला सांगितलंय: हे आलं, हे गेलं. म्हणजे हा शब्द जिवंत माणसांच्या रोजच्या कामाचा आहे.

संत्रं: पहिला आठवडा

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. संत्रं तळहातावर घ्या आणि त्याचं वजन, गारवा, सालीचा खडबडीतपणा नुसता जाणवू द्या. हे फळ आठ-नऊ महिने झाडावर होतं, आणि आता दहा मिनिटांत संपणार आहे. एवढंच एकदा मनात म्हणा, पुढे विचार ताणू नका.

आता सोला. सालीतल्या तेलाच्या बारीक पिशव्या फुटतात आणि वास एकदम पसरतो. त्या वासाच्या मागे जा. थोड्या वेळाने तो कमी झाल्यासारखा वाटेल. वास खोलीत अजून आहे, पण नाकाला त्याची सवय झाली आहे. इथे जरा थांबा, कारण मला या ध्यानातली सगळ्यात मोलाची जागा हीच वाटते. घरातल्या ओळखीच्या आवाजांचं, रोजच्या रस्त्याचं, शेजारी बसलेल्या माणसाचं असंच होतं. ते असतात, पण आपल्याला जाणवेनासे होतात. अनित्यतेची आठवण ती सवय तेवढ्यापुरती मोडते.

मग एकेक फोड खा. आधीची गिळून झाल्याशिवाय पुढची उचलायची नाही. शेवटची फोड बाजूला ठेवा, मिनिटभर तिच्याकडे बघा आणि मग खा. पहिल्याच दिवशी लक्षात येईल की शेवटची फोड तुम्ही वेगळ्या तऱ्हेने खाल्लीत, आणि चौथी-पाचवी कधी गेली ते आठवतही नाही. त्यासाठी स्वतःला रागावू नका. उद्या पाचवीकडे लक्ष द्या.

शरीर: दुसरा आणि तिसरा आठवडा

खुर्चीवर बसलात तरी चालतं, फक्त पाठ सरळ ठेवा. श्वास मुद्दाम खोल घेऊ नका. बाहेर जाणाऱ्या श्वासाचा शेवट पकडायचा प्रयत्न करा: तो जिथे संपतो आणि पुढचा अजून सुरू झालेला नसतो, ती जागा. पाच मिनिटं पुरे.

उरलेली पाच मिनिटं अंगावर काय उमटतं ते पाहा. गालाला खाज सुटली तर लगेच खाजवू नका. ती वाढेल, जागा बदलेल आणि बहुतेक वेळा आपोआप विरून जाईल. ती विरताना बघणं हाच अभ्यास. गुडघा खरोखर दुखत असेल तर मात्र पाय हलवा, इथे कुणी परीक्षा घेत नाही. मे महिन्यात पंखा बंद झाला आणि मानेवरून घाम ओघळला, तर तोही बघण्यासारखा असतो. तो थेंब खाली येता येता सुकतो.

याच्या खोलात जायचं असेल तर नागपूरजवळ माहुरझरीला ‘धम्म नाग’ हे विपश्यना केंद्र आहे. तिथे दहा दिवसांची निवासी शिबिरं होतात. शिबिराची फी नसते, शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर ते चालतं. पण घरच्या दहा मिनिटांचा सराव आधी झालेला बरा.

भोवताल

आठवड्यातून एकदा, आकाश मोकळं असेल तेव्हा, संध्याकाळी नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या बांधाकडे जा. सूर्याची कड क्षितिजाला टेकल्यापासून तो पूर्ण दिसेनासा होईपर्यंत आपल्या अक्षांशावर जेमतेम अडीच मिनिटं लागतात. तेवढा वेळ फोटो काढू नका. पाण्यावरचा रंग बदलत जातो, तो बदलताना पाहा. याच शांत तलावाचं पाणी 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे ओसंडून वस्त्यांत शिरलं होतं, हे अनेकांना आठवत असेल. बांधावर उभी राहिले की मी दोन्ही तलाव मनात धरते.

ज्यांना तिथवर जाणं जमत नाही त्यांनी जवळचा एखादा पिंपळ धरावा. वारा जाणवतही नाही तेव्हा त्याचं पान हलत असतं. उन्हाळ्याच्या तोंडावर जुनी पानं झडतात आणि तांबूस पालवी येते. एकच फांदी ठरवून दर आठवड्याला बघा.

माणसं: हे सगळ्यात शेवटी

घरात नुकतंच कुणी गेलं असेल, किंवा मन आधीच खचलेलं असेल, तर ही पायरी करू नका. संत्र्यावर आणि श्वासावर थांबा, आणि गरज वाटली तर डॉक्टरांशी बोला. करताना धडधड वाढली तर डोळे उघडा, तळपाय जमिनीवर टेकवा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या.

करायचं एवढंच. आपल्या माणसासोबत चहा घेताना एकदा, फक्त एकदा मनात म्हणा: असे चहा मोजकेच आहेत. त्यांना हे बोलून दाखवायचं नाही. मग विचार सोडून द्या आणि समोर बघा: कप धरलेली बोटं, आवाज, बोलता बोलता घेतलेला श्वास. पहिल्या तीन आठवड्यांचा सराव इथे कामाला येतो. तो नसेल तर मन थेट स्मशानात जाऊन बसतं.

माझी आई एक गोष्ट नेहमी सांगते. लग्न होऊन ती नागपूरच्या महाल भागातल्या घरी आली तेव्हा नळ पहाटे तीनला यायचा. मी ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की शेवट मीच सांगून टाकायचे. मागच्या हिवाळ्यात चहा पिताना मी मनात ते एक वाक्य म्हटलं आणि गप्प राहिले. आई नेहमीच्या शेवटापाशी आली, आणि मी मध्ये बोलले नाही म्हणून पुढे बोलत राहिली. पहिल्या दिवशी तिच्याकडे पाणी भरायला भांडंच नव्हतं. शेजारच्या बाईने आपला पितळी गुंड दिला होता, आणि तो परत करायचा राहूनच गेला.

गुंड अजून आमच्या घरात आहे. मी तो माळ्यावरून काढला, आईने चिंचेने घासला.