परड्यातली जुनी झाडं तोडायच्या आधी एकदा बघा

आमचं जुनं घर बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात. आजी गेल्यावर बरीच वर्षं कुलूपच होतं, आणि परड्यात घाणेरी नि रानमोडी एवढी माजलेली की विहिरीपर्यंत जायला कोयता घेऊन जावं लागायचं. मग आम्ही भावंडांनी ठरवलं की साफ करूया, आणि पहिल्याच फटक्यात चूक केली. जानेवारीत गेलो, एका झाडाला पान म्हणून नव्हतं, मेलंय म्हणून तोडलं आणि फांद्या कुंपणाला रोवल्या. मे महिन्यात बघतो तर त्याच फांद्यांना पालवी! तो अंबाडा होता. आजी त्याची आमटी करायची, आम्हीच खाल्लेली, पण झाड कुणाच्या लक्षात नव्हतं.

म्हणून पहिलं वर्ष फक्त झुडपं, वेली आणि गवत काढा, झाडाला हात लावू नका. सीताफळ, चाफा, अंबाडा ही उन्हाळ्याआधी पानं टाकतात, आवळासुद्धा टाकतो, त्यामुळं डिसेंबर ते मार्चमधे बघून निकाल देऊ नका. शंका आली तर बारक्या फांदीची साल नखानं खरवडायची, आत हिरवं ओलं दिसलं तर जिवंत, तपकिरी कोरडं असेल तर थोडं खाली सरकून परत खरवडायचं. असं करत करत खोडापर्यंत या. कधी कधी वरचं सगळं वाळलेलं असतंय आणि खालचं अर्धं झाड ठणठणीत.

आता कुठलं झाड ते ओळखायचं कसं. पान चुरगाळून वास घ्या, देठ मोडून चीक बघा. चिकू आणि फणस दोन्हीला पांढरा चीक, पण चिकूची पानं फांदीच्या टोकाला झुपक्यानं येतात. पेरूचं खोड गुळगुळीत, सालीचे पापुद्रे सुटतात. पपनसाच्या देठाला रुंद पंख असतो, पानाखाली दुसरं बारकं पान चिकटवल्यासारखा. रामफळाचं पान सीताफळापेक्षा लांब आणि मोठं. पण खरं सांगू का, सगळ्यात बेस उपाय म्हणजे शेजारच्या म्हाताऱ्या बायकांना बोलवून चहा पाजा. आमच्याकडं एका काकूंनी कन्नडमधे नावं सांगितली, माविन मर म्हणजे आंबा, हलसु म्हणजे फणस, पेरल म्हणजे पेरू, आणि कुठल्या झाडाचं लोणचं व्हायचं तेही. ते सगळं खोडाला पाटी बांधून लिहून ठेवलं.

एक गोष्ट मात्र नीट बघा. झाड कलमी असेल तर बुडाजवळ जोडाची गाठ दिसते. त्या गाठीच्या खालून फुटलेले धुमारे कलमाचे नसतात, खुंटाचे असतात, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलंय त्या खालच्या झाडाचे. चिकूचं कलम बहुतेक खिरणीवर केलेलं असतं, लिंबू-संत्र्याचं जंबेरीवर. हे धुमारे जोमानं वाढतात, आपल्याला वाटतं वा काय फुटलंय, आणि दोन वर्षांत खुंटानं कलम खाऊन टाकलेलं असतं. ते मुळातूनच काढायचे.

आता दुखणं. आमच्या आंब्याची पानं पिवळी, मोहोर नाही, आम्ही औषध शोधत बसलो आणि कारण निघालं वेगळंच, कंपाऊंड बांधताना उरलेली माती आणि विटांचे तुकडे खोडाभोवती दीड-दोन फूट टाकलेले. खोडाची साल मातीत गाडली की कुजते. ती माती हळूहळू, मुळं न दुखवता काढा. आणि शेणखत बुंध्याला घालू नका, मोठ्या झाडाची खाणारी मुळं तिथं नसतात, दुपारी सावलीची कड जिथं पडते तिथं उथळ चर मारून घाला. मृग लागायच्या टायमाला ४-५ पाट्या कुजलेलं खत पुरे. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीत पाणी तुंबतं, तिथं आळं करण्याआधी पाणी बाहेर जायची वाट करा. आमच्याकडच्या लाल मातीत उलटं, पाणी राहतच नाही, म्हणून वर पालापाचोळा जाड पसरतो.

बांडगूळ, कन्नडमधे बंदणिके, हे आंब्यावर हमखास. बारके पक्षी फळं खातात आणि चिकट बी फांदीवर सोडतात. नुसतं ओरबाडून उपयोग नाही, चिकटलंय त्याच्या खाली वीतभर फांदीसकट कापा, तेही बांडगुळाला फळ धरायच्या आत. खोडाला भोकं आणि खाली भुसा दिसला तर भिरूड आहे, तार घालून अळी ओढून काढायची, पेट्रोलचा बोळा कोंबायचा, वर चिखल लिंपायचा.

उंच वाढून फक्त शेंड्याला फळ देणारा आंबा खाली आणायचा असेल तर पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे. १२-१५ फुटांवर मुख्य फांद्या कापतात, पण मी म्हणेन एका वर्षात सगळ्या नको, यंदा मधली उभी आणि एका बाजूची, पुढच्या वर्षी बाकीची. आधी खालून थोडा काप मग वरून, नाहीतर फांदी पडताना साल खोडापर्यंत सोलत नेते. कापावर बोर्डो पेस्ट, १०० ग्राम मोरचूद आणि १०० ग्राम चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या डब्यात अर्धा-अर्धा लिटर पाण्यात, मग एकत्र. लोखंडी भांडं नको. उघड्या पडलेल्या खोडाला चुना मारा, ऊन लागून साल तडकते. फुटव्यांपैकी फांदीला ३-४ बाहेर जाणारे ठेवा, बाकी खुडा. आंबे तिसऱ्या वर्षी, घाई नको.

पेरू बिनधास्त छाटा, नव्या फुटीवरच धरतो. फणसाचं फक्त वाळलेलं काढा, जाड फांद्यांना हात नको कारण फळ तिथंच येतंय. चिकूची तर छाटणी जवळजवळ नकोच.

आणि एखादं झाड खरंच काढायचंच ठरलं तर कर्नाटकात १९७६ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, आपल्या परड्यातलं असलं तरी आधी वनखात्यात विचारा. रोग कळत नसेल तर पान आणि फांदी घेऊन तोटगारिका इलाखेच्या, म्हणजे फलोत्पादन खात्याच्या ऑफिसात जा, नाहीतर गोकाकजवळच्या अरभावीच्या हॉर्टिकल्चर कॉलेजात. मराठीत बोललो तरी चालतंय, फांदी हातात असली की झालं.